कॅसेटमधला आवाज

मैत्रिणींनो, तुमच्या घरात माळ्यावर नाहीतर लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या कॅसेटींचा एखादा खोका नक्की असेल. आरत्या, नाट्यगीतं, कुणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टका आणि त्यात एखादी घरीच भरलेली कॅसेट. वरच्या चिठ्ठीवरची शाई पुसट झालेली. टाकवत नाही आणि लावायला यंत्रही नाही, अशी तिची गत.

आज मी तुम्हाला अशाच एका कॅसेटची गोष्ट सांगणार आहे. खरं तर दोन कॅसेटींची. एक सातासमुद्रापलीकडची, जगप्रसिद्ध. दुसरी आमच्या घरातली.

बीटल्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल गावची ही चार पोरं – जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. १९६२ साली त्यांची पहिली छोटी तबकडी आली आणि पुढच्या आठ वर्षांत त्यांनी जगभरच्या तरुणांना वेड लावलं. आपलाही त्यांच्याशी थोडा ऋणानुबंध आहे. जॉर्ज पंडित रविशंकरांकडे सतार शिकला. १९६८ च्या जानेवारीत तो मुंबईला येऊन एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेला. त्याच वर्षी चौघंही ध्यान शिकायला हृषीकेशला गेले होते. १९७० साली मात्र त्यांचं बिनसलं आणि चौघं चार वाटांना लागले. एकत्र वाढलेले भाऊ वेगळे निघावेत, तसंच.

पुढे जॉन न्यूयॉर्कला राहायला गेला. १९७७ च्या सुमारास घरीच पियानोवर बसून त्याने एक गाणं साध्या कॅसेटवर भरून ठेवलं. नाव ‘नाऊ अँड देन’, म्हणजे अधूनमधून, कधीमधी. गाणं अर्धंमुर्धं होतं, पुढे कधीतरी पूर्ण करू म्हणून ठेवलेलं. पण ८ डिसेंबर १९८० ला घराच्या दारातच एका माथेफिरूने त्याला गोळ्या घातल्या. चाळीस वर्षांचा होता तो. गाणं कॅसेटमध्येच राहिलं.

१९९४ साली जॉनची पत्नी योको हिने त्याच्या अशा काही कॅसेटी पॉलच्या हाती दिल्या. उरलेले तिघं पुन्हा एकत्र बसले. त्यातली दोन गाणी त्यांनी वाद्यं घालून पूर्ण केली आणि ती १९९५ आणि १९९६ मध्ये बाजारात आली. तिसरं मात्र जमेना. टेपमध्ये विजेची घरघर होती आणि पियानोच्या आवाजात जॉनचा गळा बुडून जायचा. जॉर्जला तर ती टेप अगदीच टाकाऊ वाटली, असं पॉलनेच पुढे सांगितलं. झालं, काम थांबलं. २००१ साली जॉर्जही कॅन्सरने गेला. आता उरले दोघं.

मग हे गाणं पूर्ण झालं कसं? न्यूझीलंडचे चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन बीटल्सवर एक लांबलचक माहितीपट करत होते. तो २०२१ साली आला. त्यासाठी त्यांच्या मंडळींनी संगणकाला एक विद्या शिकवली. एकाच टेपमध्ये मिसळलेले आवाज – गळा, गिटार, ढोल – सुटे करायची. निवडायला घेतलेल्या तांदळातून खडे, साळ आणि दाणा वेगळा काढावा, तसं. हीच विद्या जॉनच्या कॅसेटवर चालवली आणि पियानोखाली दबलेला त्याचा गळा स्वच्छ बाहेर आला. जॉर्जने १९९५ साली वाजवून ठेवलेली गिटार होतीच. पॉल आणि रिंगोने आपला भाग नव्याने भरला. मध्ये गिटारचा जो तुकडा आहे, तो पॉलने जॉर्जच्या ढंगाने, त्याची आठवण म्हणून वाजवला. आणि २ नोव्हेंबर २०२३ ला गाणं जगापुढे आलं. तेव्हा पॉल एक्क्याऐंशी वर्षांचा होता आणि रिंगो त्र्याऐंशीचा!

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मी पोळ्या करत होते. पुण्याहून दादाचा फोन आला, “अगं, हातातलं ठेव आणि आधी हे ऐक.” दादाला कॉलेजपासून बीटल्सचं वेड. मी पिठाच्या हातानेच फोन लावला. इंग्रजी गाणी मला फारशी कळत नाहीत. शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते तेवढंच! पण चाळिशीतच गेलेल्या माणसाचा तो गळा आणि त्याच्यामागे म्हाताऱ्या झालेल्या मित्राचा किंचित थरथरता आवाज, हे ऐकताना तव्यावरची पोळी करपली, हे मात्र खरं.

लोकांनी त्याचं स्वागत कसं केलं? आठवड्याभरातच ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६९ नंतर, म्हणजे चोपन्न वर्षांनी बीटल्सना तो मान पुन्हा मिळाला. कितीतरी जण ऐकून रडले. पण नाकं मुरडणारेही होते. कुणी म्हणालं, गाणं गोड आहे पण त्यांच्या जुन्या गाण्यांच्या पासंगालाही पुरत नाही. कुणी म्हणालं, जॉनने रचलेला एक भाग गाळला, तो हक्क यांना कुणी दिला? गाण्याबरोबरच्या चित्रफितीत तरुण जॉन म्हाताऱ्या पॉलशेजारी उभा दिसतो. ते पाहून काहींचे डोळे भरले, तर काहींना ते अंगावर आलं. त्याआधी जूनमध्ये पॉल मुलाखतीत बोलताना ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणून गेला होता. तेव्हा लोकांना वाटलं की जॉनचा खोटाच आवाज बनवलाय. त्याला खुलासा करावा लागला की आवाज खराच आहे, फक्त साफ केला आहे.

आणि जॉर्जचं काय? त्याला तर ही टेप नको होती. पण त्याची पत्नी ऑलिव्हिया आणि मुलगा धनी यांचं म्हणणं असं की त्याची तक्रार टेपच्या घरघरीबद्दल होती. आज असता तर तोही आनंदाने सामील झाला असता. जॉनचा मुलगा शॉनही पाठीशी होता. २०२५ च्या फेब्रुवारीत या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा तो घ्यायला शॉनच गेला होता.

तुम्ही म्हणाल, एवढी मोठी माणसं, त्यांचा आपल्या संसाराशी काय संबंध? सांगते.

आमच्याकडेही अशी एक कॅसेट आहे. १९९७ च्या दिवाळीतली. बाबांनी नवा टू-इन-वन आणला होता. तो चालतो की नाही ते पाहायला त्यांनी एक जुनं भावगीत म्हणून भरलं. मी तेव्हा सात वर्षांची. मध्येच कुकरच्या शिट्ट्या, खाली फटाके आणि दुसऱ्या कडव्यात बाबांना खोकला येतो. “पुढचं विसरलो बुवा!” म्हणून ते हसतात आणि गाणं तिथेच संपतं. २०११ साली बाबा गेले. त्यानंतर ती कॅसेट आम्ही कुणीच लावली नव्हती.

गेल्या वर्षी आईला सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी तिला चकित करायचं म्हणून दादाने बेत केला. ओळखीच्या एका मुलाकडून बाबांचा आवाज साफ करून घ्यायचा, खोकला कापायचा, तबला-पेटी घालायची आणि उरलेलं कडवं एका गायकाकडून म्हणवून गाणं पूर्ण करायचं. “बीटल्सनी केलं, मग आपण का नाही?” तो म्हणाला. मला ते अजिबात पटेना. मी म्हटलं, “दादा, बाबांनी ते गाणं पूर्ण केलं नव्हतं. ते जसं आहे तसेच आपले बाबा आहेत. शिट्ट्यांसकट.” तो म्हणाला, “तुला सगळं धुळीतच ठेवायचंय.” शब्दाने शब्द वाढला. आठ दिवस आमचं बोलणं बंद. वहिनी बिचारी दोघांच्या मध्ये!

शेवटी वहिनीच म्हणाली, “अहो वन्सं, तिकडे त्यांनी योकोला विचारलं, जॉर्जच्या बायकोला विचारलं. तुम्ही भावंडं आईंना न विचारताच भांडताय की!” मी गप्पच झाले. खरंच होतं ते. जिचा नवरा, तिलाच आम्ही अंधारात ठेवलं होतं.

मग आम्ही आईपुढे दोन्ही ठेवलं. आधी मूळ आणि नंतर नुसता साफ केलेला आवाज. तबला-पेटी अजून घातली नव्हती. आई म्हणाली, “तुम्ही बाहेर बसा.” दार लोटून ती एकटीच ऐकत बसली. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि दादाला म्हणाली, “अरे, त्या दुसऱ्यात ते मध्येच काहीतरी बोलतात, ते पुन्हा लाव.”

आम्ही पुन्हा लावलं. कुकरच्या शिट्टीखाली सत्तावीस वर्षं दबलेलं एक वाक्य होतं. पहिलं कडवं संपल्यावर बाबा हळूच म्हणतात, “अगं, ये ना जरा, बस की इथं.” आई म्हणाली, “मी आत शंकरपाळे तळत होते. मला ऐकूच आलं नव्हतं.”

मैत्रिणींनो, आवाज साफ करण्याला माझाच विरोध होता. तो केला नसता, तर हे वाक्य कधीच कळलं नसतं. आईने निकाल दिला तो असा – साफ केलंत ते चांगलं केलंत, पण खोकला कापायचा नाही आणि वरून काही घालायचं नाही. मूळ कॅसेटही तशीच ठेवायची. सत्तरीच्या दिवशी ते गाणं आम्ही पाहुण्यांपुढे लावलं नाही. आईला नको होतं.

तुमच्याकडे अशी कॅसेट असेल तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. पावसाळ्यात फितीवर बुरशी येते. पांढरे ठिपके दिसले तर ती तशीच लावू नका, जाणत्याला दाखवा. जुन्या यंत्रात घालण्याआधी दुसरी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहा, नाहीतर फीत गुंतायची. कॅसेटच्या मागच्या कडेची दोन छोटी पानं मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. ऊन, ओल आणि स्पीकरचं लोहचुंबक यांपासून ती दूर ठेवा. संगणकावर प्रत करून घ्या, तीही दोन ठिकाणी. आणि आवाज कुणाचा, साल कुठलं, हे आजच लिहून ठेवा. ते सांगणारी माणसं आज घरात आहेत.

आणि हो, काही कापण्याआधी, जोडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आम्ही विचारायला उशीर केला. आता दादा आला की आई कधीतरी स्वतःच म्हणते, “लाव रे तुझ्या बाबांना.” गाणं सुरू झालं की ती स्वयंपाकघरातलं काम टाकून येते आणि बसते.