“मी आधीच सांगितलं होतं!”

भगिनींनो, “काव्यवाचनाला येतेस का?” असं कुणी विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं असतं. “अगं, मला कवितेतलं काय कळतंय? आणि संध्याकाळच्या पोळ्या कोण करणार?” मीही तेच म्हणाले होते. त्यातून विषय ग्रीक पुराणातला! पण बोलावणं होतं अंबरनाथच्या मैत्रिणीचं, शिवमंदिराजवळ राहणाऱ्या. म्हटलं, कविता नाही कळली तर देवदर्शन तरी घडेल.

वालधुनीकाठचं ते देऊळ तुम्ही पाहिलं असेलच. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, आणि बाहेर भिंतभर देवादिकांच्या मूर्ती. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी या कथा दगडात पाहिल्या नि कीर्तनात ऐकल्या. ग्रीकांचंही तसंच. ट्रॉयच्या युद्धाच्या कथा आधी लोकांपुढे म्हटल्या गेल्या, पोथीत मागाहून आल्या. तेव्हा कविता ऐकायला बसणं हे काही नवं फॅड नव्हे!

मैत्रिणीकडे आम्ही पंधरा-वीस जणी सतरंजीवर बसलो. वाचायचं होतं अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’तलं. या संग्रहाला २००५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो कवीच्या पश्चात. वही भिजली आहे ती बायकांच्या आसवांनी. देशोदेशींच्या दुःखी स्त्रिया त्यात भेटतात. त्यांतलीच एक कॅसांड्रा.

वाचणारीने आधी दोन मिनिटांत गोष्ट सांगितली. कॅसांड्रा ही ट्रॉयच्या राजाची मुलगी. अपोलो देवाने तिला भविष्य जाणण्याची विद्या दिली, पण ती त्याला वश होईना म्हणून वर शापही दिला : तू खरंच बोलशील, पण कुणाला पटणार नाही. शत्रूने लाकडी घोडा वेशीपाशी ठेवला, तेव्हा “तो आत घेऊ नका” म्हणून तिने जीव तोडून सांगितलं. लोकांनी तिला वेडी ठरवलं. त्याच रात्री घोड्यातून सैनिक उतरले आणि नगरी जळाली.

मग कविता झाली. प्रत्येक शब्द कळला असं म्हणणार नाही. पण घरात कुणी हूं की चूं केलं नाही.

थोड्या वेळाने एक बाई हळूच म्हणाल्या, “आमच्याकडे घोडा नव्हता, पतपेढीचा कागद होता.” नात्यातल्या एकाला कर्ज हवं होतं. “जामीन राहू नका,” असं त्यांनी तीनदा सांगितलं. “तुला व्यवहारातलं काय कळतं?” म्हणून सही झाली. पुढे सहा वर्षं हप्ते यांच्याच पगारातून गेले, आणि थोरलीचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं.

त्यांना न्यायला आलेले त्यांचे यजमान दाराशीच उभे होते. कधीपासून, कोण जाणे! चपला घालताना ते एवढंच म्हणाले, “सांगितलं होतंस खरं.” इतक्या वर्षांनी! बाई काही बोलल्या नाहीत, नुसता पदर सारखा केला.

घरी येताना मात्र मला दुसरंच टोचत होतं. आपलं कुणी ऐकत नाही, हे खरं. पण ट्रॉयमध्ये न ऐकणाऱ्यांत बायकाही असतीलच ना? आपली लेक “तिथे मला बरं वाटत नाही” म्हणते, सून “दुखतंय” म्हणते, तेव्हा आपण काय म्हणतो? “उगाच काहीतरी!”

तेव्हा असं वाचन तुमच्याकडेही ठेवून पाहा. भिशीचा दिवस चालेल. कविता तीन-चारच घ्या. गोष्ट आधी सांगा, म्हणजे नावं अडत नाहीत. चहा नंतर द्या, नाहीतर कपबशांचाच आवाज ऐकू येतो. मोबाईल बंद. आणि वाचून झाल्यावर लगेच “छान, छान” म्हणू नका, थोडं थांबा. कुणाला तरी काही सांगायचं असतं.

आणि हो, त्या दिवशी घरी पोळ्या यांनी केल्या होत्या. नकाशे झाले होते, पण पोटभर जेवलो!