मुरमांची पायरी ओळखा, मनाने मलम लावू नका

वयात येताना बहुतेक मुलामुलींच्या चेहऱ्यावर मुरूम येतात. वस्तीत त्यावर सल्ले भरपूर मिळतात. कुणी लिंबू चोळायला सांगते, कुणी टूथपेस्ट लावते, कुणी ‘रक्त खराब झालंय’ म्हणते. आम्ही सांगू इच्छितो की मुरूम घाणीने किंवा रक्तदोषाने होत नाहीत. या वयात हार्मोन्समुळे त्वचेतील तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत त्वचेने छिद्र बुजते, आत जंतू वाढतात आणि सूज येते. अशा ग्रंथी चेहरा, छाती व पाठीवर जास्त असतात, म्हणून मुरूमही तिथेच जास्त दिसतात.

त्वचारोगतज्ज्ञ मुरमांच्या साधारण चार पायऱ्या मानतात. पहिलीत काळी-पांढरी टोके आणि एखाददुसरी पुळी असते. दुसरीत लाल पुळ्या वाढतात, थोड्या पुवाच्याही असतात. तिसरीत पुवाच्या पुळ्या जास्त आणि दुखऱ्या गाठी दिसतात. चौथीत मोठ्या गाठी, गळवे होतात आणि मागे खड्डे राहतात.

पहिल्या दोन पायऱ्यांसाठी मोरगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या डॉक्टरांना दाखवावे. योग्य जेल लावले तरी फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. गाठी दुखत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर थांबू नये. सुमारे 35 किलोमीटरवर बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथे चौकशी करावी. पडलेले खड्डे सहज भरून येत नाहीत. पाळी अनियमित असून हनुवटीवर मुरूम आणि केस वाढत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

आम्हाला खरी काळजी आहे ती ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबची. अशा अनेक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइड असतात. आठवडाभर चेहरा उजळ आणि स्वच्छ वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते आणि मुरूम जास्त उसळतात. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून ती पुन्हा आणली जाते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा 14 स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. शेजारणीला गुण आला म्हणून तीच ट्यूब आपल्या मुलीला देऊ नका. महिनोन्महिने लावत असाल तर डॉक्टरांना विचारूनच बंद करा.

घरी एवढे करा: दिवसातून दोनदा सौम्य साबणाने चेहरा धुवा, पुळी फोडू नका, केसांचे तेल कपाळावर ओघळू देऊ नका. आपल्या सावळ्या त्वचेवर फोडलेल्या पुळीचा काळा डाग कित्येक महिने राहतो. उसाच्या फडात किंवा उन्हात कामाला जाताना चेहरा झाका, म्हणजे डाग गडद होणार नाहीत.

दवाखान्यात जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घेऊन जा. लग्न झालेल्या मुलीने दिवस गेले आहेत का, मूल हवे आहे का, हे आधीच सांगावे. मोठ्या गाठींवरच्या आयसोट्रेटिनोइन गोळीने पोटातील बाळाला गंभीर व्यंग येऊ शकते. आणि मुलीच्या चेहऱ्यावरून, तिच्या रंगावरून घरात टोमणे मारू नका. लाजेपायी ती गुपचूप ट्यूब आणते आणि दवाखान्यात उशिरा पोहोचते.