स्वमग्नतेचं मूल्यमापन : अहवालात काय असायला हवं?

दोन वर्षांचं मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी मोठ्यांचा हात धरून तिथवर ओढत नेतं, आलेले चार शब्दही पुन्हा गळून जातात. बालरोगतज्ज्ञ ‘ऑटिझमचं असेसमेंट करून घ्या’ म्हणतात, तेव्हा रक्त तपासायचं की डोक्याचा स्कॅन काढायचा, हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान करणारी रक्ततपासणी नाही आणि एमआरआयही नाही. श्रवणाची तपासणी, बहुधा बेरा चाचणी, मात्र टाळू नये. ऐकू न येणारं मूलही हाकेला ओ देत नाही. झटके येत असतील तर ईईजी काढतात, काही मुलांची जनुकीय तपासणी होते. निदान ठरतं ते वागण्यावरून. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या वागण्याचं बारकाईने वर्णन केलं, आणि २०१३च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेच्या निकषांतही मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात : इतरांशी संवाद साधण्यातल्या अडचणी, आणि त्याच त्या कृती, ठरावीक आवडी, आवाज किंवा स्पर्श यांना मिळणारा वेगळा प्रतिसाद. निदानाचा पुरावाच जर वर्णन असेल, तर पालकांच्या हाती येणाऱ्या अहवालातही ते वर्णन असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मूल्यमापनाचा मोठा भाग आईवडिलांशी बोलण्यात जातो. गर्भारपण, बाळंतपण, मूल कधी बसलं, कधी हसलं, विमान दिसलं की ‘ते बघ’ अशा अर्थाने तुमच्याकडे पाहतं का, भातुकलीत बाहुलीला खोटाखोटा घास भरवतं का, मिक्सर सुरू झाला की कान झाकतं का. मोबाइलवर घेतलेली घरातली छोटी चित्रणं इथे फार उपयोगी पडतात, कारण अनोळखी खोलीत मूल घरच्यासारखं वागेलच असं नाही. मग तज्ज्ञ मुलाशी खेळतात. एडॉस नावाच्या चाचणीत साबणाचे फुगे उडवतात, बाहुलीचा वाढदिवस करतात. ज्या घरात केक-मेणबत्तीची पद्धत नाही, तिथल्या मुलाने त्या खेळात रस घेतला नाही, तर तेवढ्यावरून काही ठरवता येत नाही. तपासणाऱ्याला घर आणि घरची बोली कळायला हवी. त्याच कारणासाठी ‘घरात एकच भाषा, तीही इंग्रजी बोला’ हा सर्रास मिळणारा सल्ला मला घातक वाटतो. दोन भाषांमुळे स्वमग्नता होत नाही किंवा बळावत नाही, आणि आजीची भाषा तोडली की मुलाशी बोलणारी माणसंच कमी होतात.

आता अहवालातल्या आकड्याबद्दल. भारतात प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही मोजपट्टी वापरतात : ४० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७०च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला, आणि बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, म्हणून हा आकडा हवाच. पण ११० गुणांचं एक मूल अजिबात बोलत नसेल आणि गर्दीत निवांत असेल. ११० गुणांचंच दुसरं मूल अखंड बोलेल आणि शाळेच्या घंटेने कोलमडेल. दोघांच्या थेरपीचा आराखडा एकसारखा कसा असेल?

‘घाई कशाला, याचे वडीलही उशिराच बोलले’, हे घरोघरी ऐकू येतं. काही मुलं निव्वळ उशिरा बोलतात, हे खरंच आहे. पण ती मुलं खुणा करतात, नजरेने बोलतात, दाखवायला वस्तू घेऊन येतात. हा फरक घरबसल्या वाट पाहून कळत नाही, तपासूनच कळतो. शिवाय वाचा-उपचार सुरू करायला अंतिम निदानाची वाट पाहावी लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : शिक्का बसला की शाळा दार लावते, नातेवाईक कुजबुजतात. ही भीती खोटी नाही. मात्र निदान लपवल्याने मुलाची अडचण लपत नाही. त्या अडचणीला ‘हट्टी’, ‘लाडावलेला’, ‘आईचं लक्ष नाही’ अशी नावं मिळतात. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा जुना समज विज्ञानाने कधीच मोडीत काढला आहे, तरी आजही आयांनाच बोल लावला जातो. मुलींच्या बाबतीत तर ‘लाजाळू आहे’ म्हणत वर्षं निघून जातात.

खाजगी मूल्यमापनाचा खर्च अनेकांना झेपत नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांमध्ये तपासणी होते आणि पुढच्या तपासणीसाठी मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. तिथे जरूर जावं. कुठेही गेलात तरी निकाल सांगण्याच्या भेटीत विचारा : मूल काय मागतं आणि कसं मागतं, कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, त्याला काय छान जमतं, आणि पुढच्या तीन महिन्यांत आधी कशावर काम करायचं? ही उत्तरं कळेल अशा मराठीत लिहून मागा. पुढच्या वर्षी फेरतपासणी होईल तेव्हा थेरपीचा उपयोग होतो आहे की नाही, हे त्या जुन्या नोंदींशी ताडूनच पाहता येईल.