लहान मुलांचा सांभाळ आणि सार्वजनिक खजिना

गुढीपाडव्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, वाळलेले सरपण, एखादी शेळी, आणि या सगळ्यांच्या मधोमध बसलेली दोन-तीन वर्षांची मुले, हे दृश्य कुंभार पिंपळगावच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला नवे नाही. नवे नसल्यामुळेच ते आपल्याला दिसेनासे झाले आहे. दिवाळीच्या सुमारास गेलेले हे मूल पाच-सहा महिने कोठे होते, त्याने काय खाल्ले, आई फडात असताना त्याला कोणी सांभाळले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कोणी विचारलाच, तर ‘ज्याचे मूल त्याने सांभाळावे’ असे उत्तर मिळते.

हे उत्तर प्रथमदर्शनी रास्त वाटते. परंतु विहीर खणणे हेही एकेकाळी ज्याचे त्यानेच करायचे काम होते, आणि मुलाला शिकविणेही. पुढे पाणीपुरवठा व प्राथमिक शिक्षण ही समाजाची कामे ठरली. कारण त्यांचा लाभ साऱ्या समाजाला होतो, आणि ती न झाल्याची हानीही साऱ्यांनाच भोगावी लागते. सहा वर्षांखालील मुलाचा सांभाळ याच वर्गातील काम आहे. मेंदूची बरीचशी वाढ पहिल्या काही वर्षांतच होते, आणि पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे सहसा भरून निघत नाही. तात्पर्य, मूल सहाव्या वर्षी शाळेच्या दारात येते तेव्हा त्याची निम्मी लढाई जिंकलेली किंवा हरलेली असते.

ही गोष्ट महाराष्ट्राला फार पूर्वी उमगली होती. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालशिक्षण शहरातील सुखवस्तू घरांपुरते राहू नये, या विचाराने त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच या बायांनी बालवाडीच वस्तीत, घरांपुढच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथून निघाला. पुढे डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर त्यांना आणखी एक अडचण दिसली. आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरविण्यात आली आणि तिला ‘विकासवाडी’ असे नाव मिळाले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात! पाळणाघर नसेल तर पोरीची शाळा सुटते, हे साधे सत्य त्या टेकडीवर सिद्ध झाले.

शासनाने हे काम अंगावर घेतले ते १९७५ साली. आदल्या वर्षी राष्ट्रीय बालक धोरण जाहीर झाले होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला दवाखान्यापर्यंत पोहोचविणे, शाळापूर्व शिक्षण आणि मातांना आहार-आरोग्याची माहिती, अशा सहा सेवा एका छपराखाली द्याव्यात अशी ही कल्पना. सर्वोच्च न्यायालयाने २००१ व २००६ च्या आदेशांनी ती प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्यास सरकारांना बांधून घेतले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाचा अंगणवाडीतील आहार हा त्याचा हक्क ठरला. दया किंवा योजना मागे घेता येते. कायद्याने दिलेला हक्क सहजासहजी काढून घेता येत नाही, एवढा या दोहोंत फरक आहे.

आता पैशाचा हिशोब पाहू. आहाराच्या खर्चात केंद्र व राज्य यांचा वाटा निम्मा निम्मा. इतर खर्चात केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. २०१७ साली एका मुलाच्या आहारासाठी दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये असा दर ठरला. वर्षाचे ३०० दिवस धरले तर त्या दराने एका मुलाचे २,४०० रुपये होतात. चाळीस मुलांच्या अंगणवाडीचा वर्षाचा आहारखर्च ९६,००० रुपये. एवढ्या रकमेत रोज सुमारे ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यावीत अशी अपेक्षा. आठ रुपयांत आज बाजारात एक अंडे येते, हे येथील गृहिणींना सांगावयास नको. दर एकदा ठरवून वर्षानुवर्षे तसाच ठेवणे म्हणजे महागाई वाढेल तसतसा मुलाच्या ताटातला घास काढून घेणेच होय.

पैसा आणि धोरण यांनी फरक पडतो का, असे विचारणाऱ्यांना उत्तर आपल्या शेजारीच आहे. २००५ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले. गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर पुढे त्याने भर दिला. रिकाम्या जागा भरणे, मुलांची वजने खरी नोंदविणे, आरोग्य खाते आणि बालविकास खाते यांना एकत्र बसविणे, अशी रूक्ष दिसणारी कामे नेटाने झाली. २००५-०६ साली राज्यातील दोन वर्षांखालील शंभर मुलांत ३९ खुरटलेली होती; २०१२ च्या पाहणीत ती सुमारे २४ निघाली. परंतु नंतर हा वेग टिकला नाही. पाच वर्षांखालील मुलांत खुरटलेल्यांचे प्रमाण २०१५-१६ साली ३४.४ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ टक्के निघाले. सरकारी यंत्रणा ही मोटेसारखी आहे. ओढणारा थांबला की पाणीही थांबते.

मग उणीव कोठे आहे? पहिली उणीव वेळेची. अंगणवाडी साधारण चार तास चालते. कापूस वेचणाऱ्या बाईचा दिवस आठ-दहा तासांचा. उरलेल्या वेळात मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येते, आणि कोसबादला दिसलेला प्रश्न आपल्या दारी तसाच उभा राहतो. दुसरी उणीव वयाची. तीन वर्षांखालील मुलाला घरी न्यावयाचा कोरडा आहार मिळतो. पण तो शिजवून, मऊ करून, दिवसातून चार वेळा भरविणारे माणूस घरी नसते. तिसरी उणीव गावाची. कायद्यात ‘स्थानिक अंगणवाडी’ असे शब्द आहेत. ऊसतोड कुटुंबाचे मूल मात्र अर्धे वर्ष परमुलखातल्या कोपीत राहते. त्याचे नाव येथल्या नोंदवहीत आणि पोट तिकडच्या फडात! नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मजुरी टनावर मिळते. त्यामुळे आईने मुलासाठी घरी थांबणे म्हणजे अर्धा कोयता मोडणे.

यावर उपाय अज्ञात नाहीत. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच पाळणाघर उघडले. ‘मोबाइल क्रेशेस’ या नावाने ते काम वाढले. काम जेथे, पाळणा तेथे, हे त्याचे सूत्र. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळण्यास एक बाई मजुरीवर नेमावी, असे कलम होते. फडातली बाई मात्र अशा तरतुदींबाहेरच राहिली. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय आहे. परंतु उद्दिष्ट देशभरात १७,००० केंद्रांचे, आणि अंगणवाड्या सुमारे चौदा लाख; म्हणजे शंभर अंगणवाड्यांमागे एखादे पाळणाघर.

राज्याने करावयाच्या गोष्टी त्यातूनच निघतात. आहाराचा दर महागाईशी कायमचा बांधावा. शेतमजूर व स्थलांतरित जेथे अधिक, तेथील अंगणवाडी दिवसभराची करावी आणि त्यासाठी आणखी एक बाई नेमावी. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे कारखान्याने दहा रुपये व तितकेच शासनाने द्यावेत, असे धोरण ठरले आहे. त्यातून शाळकरी मुलामुलींसाठी वसतिगृहे निघाली. शाळेत न जाणाऱ्या तान्ह्यांसाठी याच निधीतून गाळपाच्या हंगामापुरती पाळणाघरे कारखान्याच्या तळावर का चालू नयेत? आणि जी सेविका हे सारे चालविते तिला आपण ‘मानधन’ देतो. पगार म्हटले की हक्क येतात, म्हणून हा शब्द टिकला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. तोही त्यांना कोर्टाची पायरी चढल्यावरच मिळाला.

शेवटी आपण येथे जमलेले नागरिक काय करू शकतो? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत गटार आणि दिवाबत्ती यांची चौकशी होते, तशी या रकमेचीही करावी. अंगणवाडीचा वजनकाटा चालू आहे का, किती मुलांची वजने घेतली, हंगामाला गेलेल्या मुलांची यादी तिकडच्या अंगणवाडीला कळविली का, एवढे तीन प्रश्न दर सभेत विचारले तरी पुष्कळ होईल. पुढल्या दिवाळीत ट्रॉल्या पुन्हा निघतील. त्या निघण्यापूर्वीच्या ग्रामसभेत ही यादी वाचली गेली पाहिजे.