एमबीबीएसनंतर गावाकडे काम करायचंय? फॅमिली मेडिसीन आणि सार्वजनिक आरोग्याची वाट अशी आहे

आदिलाबाद : पोरगा किंवा पोरगी डॉक्टर झाली की गावात पहिला प्रश्न येतो, "स्पेशालिस्ट कशाचे?" हृदय, हाडं, डोळे असं काही उत्तर आलं की लोकांचं समाधान होतं. पण पैनगंगेच्या दोन्ही काठांना रोज दिसणाऱ्या आजारपणात बहुतेकदा घरच्या सगळ्यांची माहिती असलेला डॉक्टरच कामी येतो. त्यासाठी रीतसर शिक्षण आहे, हे अनेक पालकांना माहीत नसतं.

दोन्हींत फरक काय?

सिकलसेलचं उदाहरण घ्या. आदिलाबाद, यवतमाळ, चंद्रपूर पट्ट्यातल्या आदिवासी समाजात हा आनुवंशिक आजार आढळतो. अंगदुखीने रडणाऱ्या मुलाला तपासणं, त्याच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत का पाहणं, आई पुन्हा गरोदर असेल तर तिची तपासणी करवणं, हे फॅमिली डॉक्टरचं काम.

आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून गावोगाव तपासणी, लग्नाआधी समुपदेशन, औषधांचा साठा हे सगळं लागतं. हे काम सार्वजनिक आरोग्याचं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने यासाठी २०४७ चं लक्ष्य ठेवलंय. सोयरीक नदीपलीकडची असेल तर दोन्ही घरचे रिपोर्ट एकत्र पाहणारं कुणीतरी हवंच.

शिक्षण कसं?

आधी साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप. आदिलाबादेत रिम्स कॉलेज २००८ पासून आहे. पुढे नीट-पीजी देऊन कम्युनिटी मेडिसीनमध्ये तीन वर्षांचं एमडी करता येतं. फॅमिली मेडिसीनमध्ये तीन वर्षांचं डीएनबी आहे. काही कॉलेजांत एमडीही आहे. यात मेडिसीन, बालरोग, प्रसूती, सर्जरी अशा सगळ्या विभागांत काम करावं लागतं.

सीमेवरच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. पीजीच्या जागांना रहिवासावर आधारित आरक्षण लावता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. मात्र त्याच संस्थेत शिकलेल्यांसाठी काही जागा राखता येतात.

या वाटेने गेलेले

मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे एमबीबीएस होऊन तिथे गेले. काम करताना शिक्षण कमी पडतंय हे लक्षात आल्यावर त्यांनी प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसीनमध्ये एमडी केलं आणि पुन्हा बैरागड गाठलं. २०१९ मध्ये त्यांना व पत्नी डॉ. स्मिता यांना पद्मश्री मिळाली.

गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दोघं एमडी झाल्यावर अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले. परतून त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज आशाताई बाळाला पाहायला घरी येतात, त्यामागे हे काम आहे.

पीएचसीत वर्षभर थांबून पीजीला गेलेला डॉक्टर परत येईलच असं नाही. तो यावा, तर घरच्यांनी या विषयांना "कमी मार्कांवाल्यांचं" म्हणणं आधी थांबवावं लागेल. आणि सीट निवडताना कॉलेजला एक प्रश्न जरूर विचारा : तीन वर्षांतले किती महिने गावात काढायला मिळतील?