मोटारसायकलची साखळी

बीडहून मांजरसुंब्याच्या घाटाकडे जातांना लागणारें पाली हें माझें गांव. मोटारसायकलला कारागिरानेंच हात लावावा, अशी माझी समजूत होती. एकदां घाटांत साखळी उतरली आणि समजूतही उतरली. तीच साखळी मागच्या चाकांत अडकली असती, तर चाक जागीं थांबून मी रस्त्यावर आलों असतों.

तेव्हांपासून हें काम मी घरींच करतों. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवावा आणि किल्ली खिशांत टाकावी. इंजिन चालू ठेवून फडक्यानें साखळी पुसणाऱ्याचीं बोटें क्षणांत दांत्यांत जातात. चाक हातानेंच फिरवावें. खालच्या बाजूस, दोन दांतेरी चक्रांच्या मधोमध, साखळी बोटानें हलवून पाहावी. साध्या गाड्यांत ती बहुधा २० ते ३० मिलिमीटर हलावी. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाहीं, म्हणून चार ठिकाणीं मोजून सर्वांत ताठ जागेचें माप धरावें.

ती सैल असल्यास आंसाचा नट ढिला करून दोन्हीं बाजूंचे ताणस्क्रू सारखेच फिरवावे, खुणा जुळवाव्या व नट घट्ट आवळावा. मग धूळ काढून गिअरचें तेल साखळीच्या आंतल्या अंगास थेंबथेंब सोडावें. उरलेलें पुसलेंच पाहिजे. त्यावर आमच्याकडील धूळ बसली कीं कानसच तयार होते!

चाक मागें सरकल्यानें मागचा ड्रमब्रेकही ताणला जातो. तोही पुन्हां जुळवावा. पहिल्या खेपेस हें मी विसरलों, आणि बीडला पोंचेपर्यंत ड्रमला हात लाववेना.