परमुलखात घरची चित्रवाणी

श्रोतेहो, पूर्वी आपल्या रेणापूर भागातला माणूस घर सोडून निघाला, तर तो लातूरला जाई, सोलापूरला किंवा हैदराबादला जाई. फार झाले तर मुंबई-पुणे गाठी. आता दुबई, दोहा, लंडन, न्यू जर्सी ही नावे आपल्याकडच्या आजीबाईंच्याही तोंडी बसली आहेत. मुलगा तिकडे नोकरीला असतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी आईवडिलांना बोलावणे येते, 'चार-सहा महिने इकडे येऊन राहा.' म्हातारी माणसे हौसेने जातात, नातवंडांत रमतात. पण दिवसा मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, बाहेरची भाषा कळत नाही आणि शेजार परका. अशा वेळी चार मराठी शब्द कानी पडावेत, आपल्या शिवारात पाऊस झाला की नाही ते कळावे, एवढीच त्यांची इच्छा असते. मग प्रश्न निघतो: 'आपल्याकडचा टीव्ही इथे का लागत नाही? आणि लागला, तर मधेच बंद का पडतो?'

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र तीन पदरी आहे. घरचे चित्र परदेशी पोचायचे, तर त्याला तीन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार लहरींचे, दुसरे वाटेचे आणि तिसरे परवानगीचे. यांपैकी कोणते दार बंद आहे हे ज्याला ओळखता आले, त्याचा निम्मा त्रास आणि बराचसा पैसा वाचतो. म्हणून ही तीन दारे आज क्रमाने पाहू.

आधी लहरींची गोष्ट. आपल्या जुन्या रेडिओच्या लघुलहरी वर जाऊन वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आपटत आणि परत खाली येत. अशा उड्या मारीत त्या समुद्रापार जात. चित्रवाणीच्या, म्हणजे टीव्हीच्या, लहरींचा स्वभाव निराळा. त्या सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा त्याचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. एवढ्या उंचीवरून निघालेली लहर सत्तर-ऐंशी किलोमीटर गेली की पृथ्वीची पाठ आड येते. रेणापूर तर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. म्हणजे मुंबईचे चित्र मनोऱ्यावरून आपल्यापर्यंतही येऊ शकत नव्हते, मग दुबईची गोष्ट कशाला!

यावर उपाय निघाला तो उपग्रहाचा. मनोरा जमिनीवर नको, आकाशातच टांगा, असा हा विचार. आपल्या देशात त्याची मोठी परीक्षा १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाली. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत चित्रवाणी दाखवली गेली. त्यांत आपल्या शेजारचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, जिल्हाही होता. तारेच्या जाळीची तीन मीटरची मोठी थाळी उभारून लोकांनी थेट आकाशातून चित्र घेतले.

हा उपग्रह एका जागी टांगलेला कसा राहतो, असे मुले विचारतात. शिक्षकांनी त्यांना खळ्याचा दाखला द्यावा. मळणीच्या वेळी तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. आतल्या बैलाचा फेरा लहान, बाहेरच्याचा मोठा. पण दोघांचा फेरा एकाच वेळी पुरा होतो. म्हणून आतल्या बैलाला बाहेरचा बैल सदैव आपल्या बाजूलाच दिसतो. तसेच विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या फेऱ्याबरोबर फेरा पुरा करतो आणि आपल्याला जागचा हलत नाही असे वाटते. थाळी एकदा रोखली की रोज फिरवावी लागत नाही, ती यामुळे.

आता आपल्या पत्र्यावरची किंवा माळवदावरची फ्री डिशची थाळी पाहा. तिचे तोंड आग्नेयेला असते, कारण तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. हाच उपग्रह दुबईहून पूर्वेकडे, आपल्यापेक्षा बराच खाली झुकलेला असतो. लंडनहून तो क्षितिजाखाली जातो, आणि न्यूयॉर्कच्या दृष्टीने तर तो पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहे. तिथे कितीही मोठी थाळी लावा, पृथ्वी आड आल्यावर काय दिसणार? वर्गात एक चेंडू आणि एक बॅटरी घेऊन हे पाच मिनिटांत दाखवता येते.

आखातात उपग्रह नजरेच्या टप्प्यात असतो. पण तेवढ्यानेही भागत नाही. घरगुती लहान थाळीसाठी जो झोत सोडतात, तो झाकणाच्या कंदिलासारखा एका बाजूला रोखलेला असतो. त्याचा भर उजेड भारतावर पडतो, कडेला उजेड मंद होत जातो. मंद उजेडात वाचायला जसा मोठा भिंगाचा चष्मा लागतो, तशी तिथे मोठी थाळी लागते. आणि इमारतीच्या गच्चीवर ती लावू देतातच असे नाही. शिवाय जोराचा पाऊस आला तर या लहरी क्षीण होतात. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो, तेव्हाही काही मिनिटे चित्र जाते. हा बिघाड नव्हे. थोडे थांबले की चित्र परत येते.

चित्र परदेशी न पोचण्याची किंमत काय असते, हे आपल्या जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. परदेशस्थांसाठी दूरदर्शनची स्वतंत्र वाहिनी तेव्हा नव्हतीच. ती १४ मार्च १९९५ रोजी सुरू झाली. म्हणजे दूर असलेल्या माणसाला आपल्या मातीची बातमी परक्या वृत्तसंस्थेने दिली तेवढीच मिळायची, आणि आपल्या गावाचे नाव तिच्यात असेलच असे नाही. पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा काळ बदलला होता. ते दृश्य कोणत्याही देशात बसलेल्या लातूरकराला हातातल्या फोनवर पाहता येत होते. तेवीस वर्षांत दुसरे दार उघडले होते, ते इंटरनेटच्या वाटेचे.

ही वाट उपग्रहाहून निराळी आहे. उपग्रहाचे प्रक्षेपण म्हणजे गावातली दवंडी. एकदा पिटली की शंभरांनी ऐकली काय आणि हजारांनी ऐकली काय, दवंडीवाल्याचे श्रम तेवढेच. इंटरनेटवरचे चित्र म्हणजे घरोघर टाकलेले पत्र. जितकी घरे, तितकी पत्रे. म्हणूनच मोठ्या सामन्याच्या दिवशी लाखो लोक एकदम मागणी करतात तेव्हा चित्र अडखळते, आणि दवंडी मात्र सुरळीत चाललेली असते.

चित्र सुरू होण्याआधी पडद्यावर एक चक्र फिरते, तेही समजून घेऊ. लातूरकरांना हे सांगायला नको की नळाला पाणी रोज येत नसेल तर घरात रांजण भरून ठेवावा लागतो. फोन किंवा टीव्हीही पुढच्या काही सेकंदांचे चित्र आधी आपल्या रांजणात भरून घेतो आणि मग त्यातून आपल्याला वाढतो. मागून धार बारीक झाली की रांजण रिता होतो आणि चक्र फिरू लागते. चांगल्या चित्राला सेकंदाला सुमारे ३ ते ५ मेगाबिटांची अखंड धार लागते. घरात एकाच वेळी तिघे-चौघे काही पाहत असतील तर ती वाटली जाते. तेव्हा टीव्ही बिनतारी जोडणीऐवजी तारेने जोडावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

कधी मात्र दोष घरात नसतो. देशोदेशींची ही वाट समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींतून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात अशा काही केबली तुटल्या आणि भारतापासून आखातापर्यंत इंटरनेट मंदावले. अशा वेळी घरातले यंत्र बदलून उपयोग नाही. दुरुस्तीची वाट पाहावी लागते.

आता तिसरे दार. लोकांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. लहर पोचते, वाटही मोकळी आहे, तरी पडद्यावर पाटी येते की हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही. असे का? कारण चित्रपट, मालिका, क्रिकेटचे सामने यांचे दाखवण्याचे हक्क देशावार विकले जातात. जमीन एकच असली तरी निरनिराळे तुकडे निरनिराळ्या माणसांना बटईने द्यावेत, तसे हे आहे. एका सामन्याचे भारतातले हक्क एका कंपनीकडे, आखातातले दुसरीकडे, अमेरिकेतले तिसरीकडे. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो आणि त्यावरून ती कोणत्या देशातली हे कळते. कंपनी तो क्रमांक पाहते आणि आपल्या तुकड्याबाहेरच्या माणसाला दार लावते. म्हणून लातूरला पैसे भरून घेतलेले ॲप दुबईच्या विमानतळावर उतरताच मुके होऊ शकते. यंत्र बिघडलेले नसते, परवाना सरलेला असतो.

हे दार चुकवण्याच्या दोन आडवाटा बाजारात मिळतात. एक व्हीपीएनची. तिच्यामुळे आपली जोडणी भारतातलीच आहे असे भासवता येते. पण कंपन्या ही युक्ती ओळखतात आणि आज चाललेले उद्या बंद करतात. बहुतेक ठिकाणी ते त्यांच्या अटींविरुद्धही असते. संयुक्त अरब अमिरातीत तर बेकायदा कामासाठी व्हीपीएन वापरणे हा दंडनीय गुन्हा आहे. नोकरीवर गेलेल्या माणसाने एका मालिकेपायी तो धोका का पत्करावा?

दुसरी आडवाट त्याहून वाईट. 'एकदाच पैसे भरा, हजार वाहिन्या कायम पाहा,' असे सांगून एक डबी विकतात. हक्क नसताना चोरून घेतलेले चित्र ती दाखवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये इटलीच्या पुढाकाराने युरोपातल्या अनेक देशांच्या पोलिसांनी असे एक मोठे जाळे मोडले. त्याचे दोन कोटींहून अधिक ग्राहक होते, असे त्यांनी सांगितले. जाळे मोडले की घरातली डबी म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. पैसे मागायचे कोणाकडे? विकणाऱ्याचा ठावठिकाणा नसतो, आणि चोरीचा माल घेतला म्हणून तक्रारही करता येत नाही. त्यातून आपल्या बँकेच्या कार्डाचा क्रमांक मात्र त्याच्या हाती गेलेला असतो.

मग खात्रीचा मार्ग कोणता? पहिली गोष्ट, जे घरचे आहे आणि मोफत आहे ते आधी घ्यावे. आकाशवाणीची केंद्रे 'न्यूज ऑन एअर' या ॲपवर परदेशातही ऐकू येतात, आणि आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडी धार पुरते. जिथे चित्र अडखळते तिथे मराठी बातमीपत्र सुखाने ऐकता येते. दूरदर्शन सह्याद्रीची यूट्यूबवर अधिकृत वाहिनी आहे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात 'वेव्हज' हे ॲपही सुरू केले आहे.

दुसरी गोष्ट, खाजगी मराठी वाहिन्या पाहायच्या तर ज्या देशात राहतो त्या देशातल्या परवानाधारक कंपनीकडून किंवा वाहिनीच्याच ॲपकडून, त्या देशाच्या नावाने वर्गणी भरावी. थोडे जास्त पडते. पण बंद पडले तर जाब विचारायला कोणीतरी असते. वर्षाचे पैसे एकदम न भरता आधी एक महिना भरून पाहावे. इथून कोणतेही ॲप घेऊन जायचे असेल, तर 'अमुक देशात चालते का?' हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट घड्याळाची. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा दुबईत साडेपाच असतात आणि न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे साडेआठ. तेव्हा अमेरिकेत आईवडिलांना ठरल्या वेळेचे प्रक्षेपण दाखवण्याचा हट्ट धरू नये. मागाहून पाहता येईल अशी सोय असलेली वर्गणी घ्यावी, आणि कार्यक्रम कसा लावायचा हे त्यांना मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यावे. एकटे असताना लावता आला नाही, तर टीव्ही असून नसल्यासारखाच.

शेवटी एक गोष्ट मॉरिशसची. तिथे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत कामाला मराठी माणसे गेली. तेव्हा ना उपग्रह होता ना केबल. मायदेशाचे वर्तमान जहाजाने महिन्यांनी यायचे. तरी त्यांच्या वंशजांनी भाषा जपली, आणि आज मॉरिशसच्या नभोवाणीवर व चित्रवाणीवर मराठी कार्यक्रम असतात. घरचे चित्र पाहण्याबरोबर घरात मराठी बोलणेही चालू राहिले, तरच हे घडते. म्हणून आजी टीव्हीसमोर बसली की नातवाला जवळ घ्यावे, आणि बातमीत लातूरचे नाव आले की ते कुठे आहे हे त्याला नकाशावर दाखवावे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावातले कोणी परदेशी निघाले की सल्ल्यासाठी ते तुमच्याकडे येते. त्यांना एवढेच सांगा: चित्र दिसेना तर घाईने नवे यंत्र विकत घेऊ नका. लहर अडली, वाट अडली की परवानगी अडली, हे आधी पाहा. लहर अडली तर इंटरनेटची वाट धरा, वाट अडली तर जोडणी तपासा किंवा थांबा, आणि परवानगी अडली तर ती रीतसर विकत घ्या. आणि तोवर आकाशवाणी लावून ठेवा.